गोलाचा मान

हिंगोलीत मी फुटबॉलपटू म्हणून नाव काढलं ते निजामाच्या राज्यात, आणि गुडघा मोडून घेतला तोही त्याच राज्यात. धड चालता येईना, तेव्हा शाळेने मला फुटबॉलचा मास्तर नेमलं. आपल्याकडे हे बरं आहे. ज्याला पळता येत नाही त्याने पळायला शिकवायचं. हेडमास्तर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मियाँ, कळमनुरी को हराओ, नहीं तो घर बैठो." घरी बसायला माझ्याकडे ना शेत होतं ना दुसरा हुन्नर.

चेंडू गावच्या देशमुखांनी दिलेला, म्हणून त्यांचे चिरंजीव संघात. अंगाने भरलेले, स्वभावाने शांत. चेंडू मैदानाच्या एका टोकाला असला की हे हमखास दुसऱ्या टोकाला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार बाकीच्यांबद्दल होती. पोळ्याला मानाची बैलजोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसरी जात नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. दोन बांबूंवर दोर बांधून केलेला आमचा गोलही त्यांना तोरणच वाटे.

सगळ्यात तयार पाय देशमुखांच्या सालगड्याच्या पोराचा. चौघांना चकवून गोलापुढे यायचा आणि चेंडूवर पाय ठेवून उभा राहायचा.

"अरे, मार ना! काहून थांबला?"

"धाकले मालक येऊन राहिले न्हवं, मास्तर."

मालक यायचे, घाम पुसायचे, तोवर चेंडू गेलेला असायचा. सबंध हिवाळाभर मी त्या पोराला एकच गोष्ट शिकवली, की गोलाला मान नसतो.

जुन्या छावणीच्या मैदानावर सामना झाला. देशमुख खुर्ची टाकून समोर बसले होते. खेळ संपत आला तरी गोल नाही. तेवढ्यात पोरगं सुटलं, गोलापुढे आलं आणि थांबलं. त्याने मागे पाहिलं. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. त्याने मारला, आणि आम्ही जिंकलो. हेडमास्तर साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराचा बाप दारात. "मास्तर, पोरगं आता शाळंत येनार न्हाई. ढोरामागं जाईल."

"काहून?"

"तुमी खेळ शिकवला, बराबर. पर मालकाच्या आंधी गोल केला त्यानं, समद्या गावासमोर. आमाला तितंच खायचं हाय."

मी देशमुखांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. पोराचा विषय काढला तर हसून म्हणाले, "आमी कुठं काय म्हणालो? शिकवा की." इतक्या मायेने नकार मला जन्मात कुणी दिला नाही. पोरगं आलं नाही. वाईट वाटलंच; राग तर अजून गेलेला नाही.

पुढल्या वर्षी नवी पोरं आली. त्यांतही एक सालगड्याचं होतं, तसंच चपळ. पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "गोलापुढं गेलास की धाकल्या मालकांची वाट बघायची."

कळमनुरीशी आम्ही दरसाल हरत गेलो. हेडमास्तर साहेब मला कधी बोलले नाहीत. देशमुख माझ्यावर खूश होते ना! आणि शाळा सोडून एकही पोरगं गेलं नाही.