क्लचचे पेडल आणि पोळ्याचे तोरण

गाडी विकत घेताना माझ्या पतींनी तिचा रंग पाहिला, दारे उघडून-मिटून पाहिली, बॉनेटवरून हात फिरवला. क्लचवर मात्र पाय ठेवून पाहिला नाही. विकणाऱ्याने गाडी स्वतः चालवून दाखवली आणि हे शेजारी बसून फिरून आले. पुढे जे घडले त्याचे मूळ या घाईत आहे, असे मी मानते. ते मानत नाहीत.

ती पिवळी, दोनच माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्‌स कार होती. पुण्यात कुणीतरी हौसेने वापरून कंटाळलेली. रिसोडमध्ये बी-बियाणे विकणाऱ्या माणसाला अशी गाडी कशासाठी हवी, हे मी विचारले होते. शौक आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्या शौकापायी माझी लहान गाडी विकली गेली. ती कागदोपत्री त्यांच्या नावावर असल्याने मला विचारण्याचे कारण पडले नाही. त्या दिवशी त्यांनी ती कामासाठी ठेवून घेतली होती; विकल्याचे मला संध्याकाळी शाळेतून बसने परतल्यावर, अंगणातल्या रिकाम्या जागेवरून समजले.

मी केनवडच्या शाळेत विज्ञान शिकवते. लहान गाडीने मी रोज एकटी जात-येत असे, आणि दिवसातला तेवढाच वेळ मला कुणाला काही सांगावे लागत नसे. आता ते मला सोडायला येऊ लागले. त्यांना उशिरा उठायची सवय. प्रार्थना संपल्यावर, गाणी मोठ्याने वाजवत, ती पिवळी गाडी फाटकापर्यंत आणायची आणि मुले वर्गातून माना काढून पाहतील अशा बेताने इंजिन गुरगुरवायचे, हा त्यांचा नेम झाला. मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहत. मला एकच गोष्ट हवी होती: कुणाच्या मर्जीवाचून शाळेत पोहोचणे.

"चालव ना मंग, कोनं धरलं तुले?" पती म्हणाले, आणि पहिल्या दिवशी ते मुद्दाम शेजारी बसले. मी सीट शेवटपर्यंत पुढे ओढली. तरी क्लच पूर्ण दाबायला माझा पाय पुरेना. गिअर टाकला की खालून दात करकरल्यासारखा आवाज येई. ते खिडकीबाहेर पाहून हसत राहिले. "ही कार उंच मानसाची हाय," ते म्हणाले. "तू आपली बसनं जात जाय."

क्लच म्हणजे काय, हे वर्गात सांगते तसे इथेही सांगते. दोन हात एकमेकांवर घट्ट दाबून एक फिरवला तर दुसराही फिरतो. एक हात इंजिनाचा, दुसरा चाकांचा. पेडल दाबले की दोन्ही हात सुटे होतात आणि गिअर बदलता येतो. सोडले की ते पुन्हा एकमेकांना धरतात. पेडलच्या मागे एक दांडी असते, ती तेलाच्या नळकांड्यातला दट्ट्या ढकलते. ही दांडी आट्यांची असते. ती फिरवून लांब केली की क्लच लवकर सुटतो, आखूड केली की उशिरा, अगदी तळाशी. मात्र पेडल दाबायला लागल्यावर सुरुवातीला थोडी जागा अशी हवी, जिथे ते नुसतेच हलते आणि काहीच करत नाही. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. ही जागा संपली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, दोन हात एकमेकांना नीट धरत नाहीत, घसरत राहतात आणि घासून जळतात.

आमच्या गाडीत प्ले गरजेपेक्षा फार जास्त होता. अर्धे पेडल वायाच जात होते. म्हणजे दोष माझ्या उंचीत नव्हता.

एका रविवारी पती दुकानात असताना मी पाना आणि विजेरी घेऊन बसले. बसले म्हणणे चुकीचे आहे. अशा गाडीत पेडलच्या मागे हात घालायचा तर पाठ सीटवर, डोके पेडलशी आणि पाय पाठीच्या गादीवर टाकून उलटे पडावे लागते. मी साडीचा काचा मारला आणि पडले. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"काय वो मॅडम, गाडीत उलट्या कायले झोपल्या?"

मी सांगितले की पेडल दुरुस्त करते आहे. त्या मान हलवून म्हणाल्या, "झोपा मंग."

दांडीला जागेवर धरणारा चेकनट आधी सैल करायचा, मग दांडी थोडी थोडी फिरवायची, प्रत्येक वेळी बोटाने पेडल दाबून प्ले तपासायचा आणि शेवटी नट पुन्हा कसायचा. घाई केली की माणूस हा शेवटचा भाग विसरतो. मी विसरले नाही. सोमवारी मी स्वतः गाडी चालवत केनवडला गेले आणि घंटेच्या आधी पोहोचले.

त्याच संध्याकाळी पती गाडी घेऊन बाहेर पडले आणि बसस्थानकासमोरच्या चौकात ती बंद पाडून आले. त्यांच्या पायाला जुन्या तळाच्या क्लचची सवय झाली होती. चौकातले लोक हसले असावेत. घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"पायडलाले हात लावला तुनं?"

"लावला. त्यात दोष होता."

"पुस्तकी बोलू नको मायाशी."

मी घरात वऱ्हाडीच बोलते. पण भांडणात मी प्रमाण भाषेत बोलते, आणि ते त्यांना सहन होत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे.

त्यांनी दांडी पुन्हा आखूड केली. मी पुन्हा लांब केली. असे काही आठवडे चालले. आम्ही जेवताना एकमेकांशी बोलत नव्हतो. जे बोलायचे ते त्या नटावर बोलत होतो. सकाळी पेडलवर पाय ठेवला की रात्री त्यांच्या मनात काय होते ते मला कळे. मग एके दिवशी माझा पाना नाहीसा झाला आणि गाडीची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या गोफाला अडकलेली दिसली. मी बसने जाऊ लागले. केनवडला जाणारी बस वेळेवर येते तेव्हा थांबत नाही आणि थांबते तेव्हा वेळेवर आलेली नसते.

किल्ली ताब्यात आल्यावर त्यांनी शेवटचा बदल केला. या वेळी त्यांनी दांडी आखूड केली नाही. उलट पूर्ण लांब करून पेडलचा सगळा प्ले काढून टाकला. कारण त्यांनी स्वतःच सांगितले. त्यांचे घराणे रिठदचे, पिढ्यान्‌पिढ्या बैल बाळगणारे. बैलाच्या गळ्याखालून जुवाला बांधायचा जोत्याचा पट्टा ढिला राहिला की बैल खांदा चोरतो, हे त्यांना वडिलांनी शिकवलेले. पेडल नुसतेच हलते आणि काहीच करत नाही, ही गोष्ट त्यांना ढिल्या जोत्यासारखी वाटली. "आता कसं आवळलं," ते म्हणाले. "इकडं बोट लावलं की तिकडं गिअर."

एकदा बाजारातून येताना मी शेजारी बसले होते. इंजिनाचा आवाज चढत होता, वेग मात्र चढत नव्हता. मी सांगितले की क्लच घसरतो आहे, प्ले ठेवावा लागेल, नाहीतर प्लेट जळेल. त्यांनी आरशात पाहत उत्तर दिले:

"मले शिकवू नको. मी तुया वर्गातला नोय."

मग पोळा आला. रिठदच्या पोळ्यात आमच्या घरच्या जोडीला तोरणाखालून जाण्याचा दुसरा मान आहे. सासरे गेले, बैल विकले गेले, मान राहिला. मधली काही वर्षे पतींनी कुणाचा तरी ट्रॅक्टर सजवून तो मान राखला होता. या वर्षी त्यांनी पिवळी गाडी न्यायचे ठरवले. मागे डिकीवर झूल टाकली, आरशांना बेगडी बाशिंगे बांधली. शेजारच्या सीटवर रिठदलाच राहणाऱ्या सासूबाई ओवाळणीचे ताट मांडीवर घेऊन बसल्या. गाडी इतकी बुटकी की बाहेरून त्यांचा फक्त पदर दिसत होता. मी बायकांबरोबर ओट्यावर उभी होते.

पोळ्यात बैल सावकाश चालतात. सजवलेले, खाऊन तृप्त झालेले, वाजंत्रीला बुजणारे बैल दोन पावले जातात आणि थांबतात. त्यांच्या मागे गाडी न्यायची म्हणजे क्लच अर्धा दाबून, रांगत रांगत. निरोगी क्लचलाही ही शिक्षा आहे. पतींना गाडी बंद पडू द्यायची नव्हती, म्हणून ते इंजिन चढवतच राहिले. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बॉनेट आले तेव्हा जळक्या रबरासारखा वास ओट्यापर्यंत पोहोचला. मग चाकांमधून धूर निघाला. इंजिन ओरडत होते आणि गाडी जागची हलत नव्हती.

सासूबाई ताटासकट बाहेर आल्या. मागच्या जोडीचे बैल धुराने फुरफुरायला लागले. त्यांच्या मालकाने कासरा आखडला आणि पुढचा रस्ता कोणी अडवला ते मोठ्याने विचारले. झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा कवने, म्हणणाऱ्या माणसाला आयता विषय मिळाला. त्याने तिथेच एक रचली:

"बैल चाले चाऱ्यावर, गाडी चाले तेलावर,
धनी बसला गादीवर, अन्‌ धूर निंगे बुडावर."

सगळे गाव हसले. पती उतरले, त्यांनी लोकांतून मला शोधून काढले आणि बोट दाखवले.

"हिनं पायडलाची वाट लावली. रोज पाना घेऊन बसे."

मी ओट्यावरून उतरले, वाकून हाताने पेडल दाबले आणि म्हणाले, "याला मोकळी हालचाल उरलेली नाही. ती मी ठेवली होती, तुम्ही काढली." लोकांना त्यातले काही कळले नसावे. त्यांना रस्ता मोकळा हवा होता.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काही द्यायचे नसते, त्यामुळे गाडी बैलांनी ओढायचा प्रश्नच नव्हता. रिठदमधल्या बहुतेक पुरुषांच्या हातात त्या वेळी कासरे होते. मोकळे हात थोडे, आणि त्यांतला सर्वांत धट्टाकट्टा माणूस म्हणजे माझे पती. मागच्या जोडीचा मालक त्यांना म्हणाला, "भाऊ, तुमी लावा खांदा. आत मॅडमले बसवा, त्याइचं वजन कमी हाय."

किल्ली गाडीतच होती. मी बसले, गिअर काढून घेतला, हँडब्रेक सोडला आणि आरशात पाहिले. झूल घसरून पतींच्या हातावर आली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"न्यूट्रल आहे," मी म्हणाले. "ढकला."

त्यांनी ढकलले. गाडी तोरणाखालून पार झाली, म्हणजे दुसरा मानही पार पडला. सासूबाई कडेने चालत होत्या. खिडकीशी येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नवऱ्याले बैल केलं तुनं, सनाच्या दिवशी." मी स्टिअरिंग सरळ धरले. मला वाईट वाटत नव्हते.

वाशीमच्या गॅरेजमध्ये नवी प्लेट बसली. मिस्त्रीने शेवटी विचारले की पेडल कोणाच्या पायाच्या हिशेबाने लावू. तो दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. पती खिशात हात घालून रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तिच्या. मले नाही चालवाची ही गाडी. आता हे बाईची गाडी झाली."

त्यांनी ते अपमान म्हणून म्हटले होते. मी सीटवर बसले आणि मिस्त्री दांडी फिरवत असताना, कुठे सुटतो ते पायाने सांगत गेले.

परतताना गाडी मी चालवली. ते शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. गिअर बदलताना आवाज होईल म्हणून ते कान देऊन होते, झाला नाही. रिठदच्या फाट्यावर त्यांनी थांबायला सांगितले. आईकडे जातो, म्हणाले. किती दिवस, ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. उतरून त्यांनी दार आपटले, दोन पावले गेले आणि मागे वळून काच ठोठावली.

"सावलीत लावजो," ते म्हणाले. "उन्हानं रंग उडते."

मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती.