खालची ओळ

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते. मधे थांबले तर थांबू द्या.

भोकरदनच्या पुढे एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या एका संस्थेनं शिक्षकांकडून लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहून घ्यायचं ठरवलं. मधे चित्र, वर मराठी ओळ, खाली इंग्रजी. विषय त्यांनीच दिला होता — आपण इतरांपेक्षा वेगळे असलो तर त्यात लाजायचं काय? आमच्या भागातल्या शिक्षकांत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच, म्हणून दोन्ही भाषा माझ्याकडेच आल्या. मला ते फार आवडलं होतं. हेही सांगायला हवं — फार आवडलं होतं.

कोणावर लिहायचं, हा प्रश्न पडलाच नाही. माझ्या वर्गात मैना होती. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. पुढे औरंगाबादला एका शिबिरात तो शिवला, पण व्रण राहिला आणि बोलणं नाकातून यायचं. पोरं तिला फाटकी म्हणायची. ती वळून म्हणायची, "फाटकी तं फाटकी. तुला धडा वाचता येतो का पण?" आणि त्या पोराला खरंच येत नसायचा.

मैनेचे वडील मेंढरं घेऊन वर्षाचा बराच काळ बाहेर असायचे. आई सरूबाई गावात राहून मजुरीला जायची. पुस्तकासाठी विचारावं म्हणून मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. मीही बाजूला बसून फोडू लागले. मैना कशी झाली, काय झालं, असं सहज विचारलं. सहज — की मला काहीतरी हवं होतं? आता सांगता येत नाही.

सरूबाईनं मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग खाली मान घालूनच बोलली.

"बाई, ती झाली तवा मी तिच्याकडं पाह्यलंच न्हाई. भितीकडं तोंड करून पडल्ते. सगळे म्हणून राह्यले, हिनं पोटुशी आसताना गिऱ्हाणात विळा धरला आसंल, म्हणून पोरीचा ओठ चिरला. मलाबी तेच वाटून राह्यलं. सासूनं शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं तिला. अन् मी मनात म्हणले — कशाला पाजून राह्यली, जाऊ दे की."

तिनं दोन-चार शेंगा फोडल्या. "सासू गेली. मालकाला ठाऊक न्हाई. आता तुम्हालाच ठाऊक. मैनीला कवाच कळू देऊ नका."

"नाही कळणार," मी म्हणाले. तेव्हा ते खोटं नव्हतं.

मराठी मजकूर झाल्यावर मी तो दोघींना वाचून दाखवला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आईनं तिला पाहिलं आणि घट्ट कुशीत घेतलं.' सरूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मैना म्हणाली, "पुढचं वाचा ना बाई."

इंग्रजी मात्र संस्थेकडून परत आलं. संपादक बाईंचं म्हणणं, गोड आहे, पण खरं वाटत नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. मला ते लागलं. मराठी आपली, ती येणारच — पण इंग्रजी मी कष्टानं मिळवलं होतं, आणि तेच कच्चं ठरत होतं. मग मी पहिल्या पानाखालची ओळ बदलली. इंग्रजीत लिहिलं, आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं, तिला हे बाळ नको होतं.

संपादक बाईंना ती ओळ फार आवडली. वरची ओळ वेगळी का, असं त्यांनी विचारलं. आमच्या भागात मराठीतून असलं चालत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

मी इतकी निर्धास्त कशी होते? हिशोब सोपा होता. गावात इंग्रजी कोण वाचणार? सरूबाईला अक्षरओळख नव्हती. आणि मैना? मैना सातवी-आठवीत शाळा सोडेल, कुठंतरी लग्न होईल, असं मी धरून चालले होते. वेगळ्या मुलांचं कौतुक करणारं पुस्तक मी लिहीत होते, आणि जिच्यावर लिहीत होते तिच्याबद्दल माझा अंदाज एवढाच होता. तिला एबीसीडी मीच शिकवली होती. मग मी काय समजून शिकवत होते?

पुस्तक छापून आलं. जालन्याला कार्यक्रम झाला, शाल मिळाली. सरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. लोकांच्या हातातून पुस्तक फिरत होतं आणि ती प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती.

मैनेनं शाळा सोडली नाही. बारावी झाली, जालन्याला डी.एड.ला गेली. तिथल्या वाचनालयात तिला ते पुस्तक बऱ्याच वर्षांनी दिसलं; घरी त्याची प्रत नव्हती. हे माझ्यावर आहे, असं तिनं मैत्रिणींना कौतुकानं दाखवलं. एका मैत्रिणीनं वरचं सोडून खालचं वाचलं.

रविवारी ती बसनं भोकरदनला माझ्या घरी आली. पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे खरं हाय का? माझी आई आसं करंल का?"

मी तिला पाणी दिलं. ती पिईपर्यंत मला वेळ होता — हे मुद्दाम सांगते, कारण तोंडातून चटकन गेलं असं म्हणायची सोय मला नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि मी म्हणाले, "छे गं. शहरातल्या लोकांनी परस्पर घातलं ते. मला तर छापून आल्यावर कळलं."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मला वाटलंच बाई. तुम्ही आसं लिहिणार न्हाई."

तुम्ही म्हणाल, आईला वाचवायला बोललात. मीही काही वर्षं तसंच म्हणून पाहिलं. पण त्या वेळी सरूबाई माझ्या मनात नव्हतीच. मैना मला काय म्हणेल, एवढंच होतं. आईलाच वाचवायचं असतं तर मी म्हणू शकले असते — ते मी मनानं रचलं, चूक माझी. त्यानंही सरूबाई वाचली असती. ते वाक्य तेव्हाही मला सुचलं होतं. मी ते बोलले नाही.

मैना तशीच गावी गेली आणि शहरातल्या लोकांवर चिडून सगळं आईला सांगून बसली. हे मला सरूबाईकडूनच कळलं. बाजाराच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. मी आत बोलावलं, ती आली नाही.

"मैनी सांगून राह्यली, शहरातल्या लोकांनी काय काय लिव्हलं म्हणून."

मी चहाचं विचारलं.

"मी तुमच्याबिगर कोणाला बोलल्ते न्हाई, बाई." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरीपुढं हासले मी. म्हणले, लोकं कायबी लिव्हतेत. लई हासले. तिला खरं वाटावं म्हणून."

मग पिशवी उचलून ती बसस्टँडकडे गेली. तिनं मैनेला माझं नाव सांगितलं नाही. सांगणार कशी? मला उघडं पाडायचं तर तिला स्वतःलाच आधी उघडं पडावं लागलं असतं. मी खोटं बोलले होते, आणि ते जन्मभर सांभाळायचं काम तिच्या अंगावर आलं होतं. त्यानंतर ती कधी माझ्या घरी आली नाही. लग्नाकार्यात दिसली तर नमस्कार करायची, बाई बऱ्या आहात ना म्हणायची.

मैना वाटूरच्या बाजूला शिक्षिका झाली. तिनं एकदा मला तिच्या वर्गात बोलावलं. ह्या माझ्या बाई, यांनी मला वाचायला शिकवलं, अशी ओळख करून दिली, आणि मुलांना ते पुस्तक वाचून दाखवू लागली. पहिल्या पानावर इंग्रजी ओळीच्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, इथं कागद कशाला?

"तिथं खोटं छापलेलं हाय," मैना म्हणाली आणि पान उलटलं.

मी खुर्चीत बसून ऐकत होते. पुस्तक संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या.

सरूबाई त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली होती. ती ओळ खरी होती, आणि ती मी लिहिली होती. मैनेला हे अजून माहीत नाही.