नारिंगी दिव्याला हात लावू नका

सगळी कॉलनी त्यांना सप्लायकाका म्हणायची, आणि काकांना ते मनापासून आवडायचं. वीज कंपनीत लाइनमन म्हणून उभी हयात खांबांवर काढलेला माणूस. कुणाच्या घरी साधा बल्ब बदलायचा असला तरी हे दारातूनच ओरडणार, "सप्लाय बंद!" आधी मेन स्विच खाली, मग बाकीच्या गप्पा. मिक्सरला वास आला, सप्लाय बंद. इस्त्रीचा दिवा लुकलुकला, सप्लाय बंद. एकदा शेजारचे मास्तर आणि त्यांची बायको कडाकडा भांडत होते, तर काकांनी जिन्याखालच्या बोर्डावर जाऊन त्यांचाही मेन पाडला. डोकी थंड होतात म्हणे. झालीही, कारण अंधारात दोघं मिळून मेणबत्ती शोधायला लागले.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण वेडेपणा नव्हता. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे "बघू नंतर" म्हणून पाठ फिरवलेला एक सोबती काकांनी स्वतःच्या हातांनी खांबावरून खाली उतरवला होता. त्या दिवसापासून दिवा लुकलुकला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. डोक्याला विचारायचाही नाही.

आणि काकू? काकूंबद्दल कॉलनीला एवढंच माहीत होतं की त्या कमी बोलतात आणि शिवण छान शिवतात. खरं सांगायचं तर काकांनाही फारसं जास्त माहीत नव्हतं. लग्नाआधी काकू बुद्धिबळ खेळायच्या, वडिलांबरोबर, रोज. लग्नानंतर पट माळ्यावर गेला आणि खेळायला कुणी उरलं नाही. मागच्या वर्षी लेकीने टॅब्लेट पाठवला, त्यात बुद्धिबळ घालून दिलं, आणि काकूंचा चेहराच पालटला! भाजी चिरता चिरता मधेच सुरी थांबायची, नजर कुठेतरी लागायची, आणि मग स्वतःशीच हसून म्हणायच्या, "हत्ती द्यायला हवा होता."

लेकीनेच त्यांचं नाव ज्येष्ठांच्या ऑनलाइन स्पर्धेत घातलं. काकू आधी नको नको म्हणाल्या. मग एक फेरी जिंकल्या, दुसरी जिंकल्या, तिसरी जिंकल्या, आणि बघता बघता चक्क अंतिम फेरीत पोचल्या! अख्खी कॉलनी हरखली. काकांच्या तर पायाला भिंगरी लागली. दूधवाल्याला सांग, इस्त्रीवाल्याला सांग, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांग. "आमच्या हिचा रविवारी चार वाजता अंतिम डाव आहे!" जणू हेच खेळणार होते.

घोर एकच होता, इंटरनेटचा. त्यांचं घर तळमजल्यावर, दोन इमारतींच्या बेचक्यात. मोबाइलची रेंज खिडकीच्या गजाला नाक लावलं तर मिळायची. त्यामुळे सगळी भिस्त त्या टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डब्यावर, म्हणजे राउटरवर. आणि हा डबा दिवसातून चार वेळा मान टाकायचा. गुरुवारी उपांत्य फेरीत तर त्याने कहरच केला. काकूंचा डाव अगदी जिंकत आलेला, आणि नेट गेलं. परत येईस्तोवर घड्याळात काकूंची वेळ संपली होती. तो डाव गेला. पुढचे दोन जिंकून त्यांनी कशीबशी फेरी वाचवली, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तरीही लेकीला फोनवर काय म्हणाल्या? "बाबा होते म्हणून बरं. त्या डब्याचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला होता, त्यांनी वेळेवर पकडलं. नाहीतर डबा जळलाच असता." काकांनी शेजारी उभं राहून नम्रपणे मान हलवली होती.

रविवारी लेकीने सकाळीच बजावलं, "बाबा, काहीही करा, पण कस्टमर केअरला फोन करून तो राउटर आज ठीक करून घ्या." जेवणं झाल्यावर काकू आतल्या खोलीत डोळे मिटून बसल्या. काकांनी फोन लावला. बराच वेळ तिकडचं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. आवाज तरतरीत, आणि विशेष म्हणजे घाईत नसलेला.

तिने तिच्याकडे काहीतरी तपासलं आणि म्हणाली, "काका, तुमच्या राउटरचं फर्मवेअर खूप जुनं आहे."

"ते काय असतं?"

"राउटरने कसं काम करायचं ते त्याला शिकवणारा त्याच्या आतला प्रोग्राम. जुन्यात दोष आहे, म्हणून नेट सारखं तुटतं. आम्ही इथून नवं पाठवतोय, कितीतरी वेळा पाठवलं. पण दर वेळी अर्ध्यातच राउटर बंद होतो आणि पुन्हा जुन्यावरच चालू होतो. तुमच्याकडे लाइट फार जाते का हो?"

"लाइट?" काका ताठ झाले. "माझ्या घरात? बाई, मी लाइनमन होतो!"

"मग कुणी बटण बंद करतं का? नवं फर्मवेअर भरलं जात असताना नारिंगी दिवा लुकलुकतो. तेव्हा हात लावायचा नसतो. शेवटचं आम्ही गुरुवारी दुपारी पाठवलं होतं."

काकांना आठवलं. गुरुवारी दुपारी. नारिंगी दिवा. ते टीव्हीसमोरून उठले होते, दोन ढांगांत भिंतीपाशी पोचले होते आणि खटकन बटण पाडलं होतं. वर अभिमानाने ओरडलेही होते, "पकडला!" आत काकूंचा डाव चालू होता.

"काका? आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

मुलगी म्हणाली, आत्ता पाठवते, पण वेळ लागेल. आणि या वेळी मधेच बंद पडला तर डबा पुन्हा चालू होईलच अशी खात्री नाही. घड्याळात सव्वातीन वाजून गेले होते. काकांनी आतल्या दारातून डोकं घातलं. "अगं, डब्यात नवं काहीतरी भरायचंय. चारच्या आत झालं तर झालं. करू का?"

काकूंनी डोळे उघडले. "तुम्हाला कळतं ते करा," त्या म्हणाल्या. एवढा विश्वास! काकांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. सांगून टाकावं असं मनात आलं, पण आत्ता सांगितलं तर हिचं लक्ष उडेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ते घाबरले होते.

"पाठवा," ते फोनवर म्हणाले.

दिवा हिरव्याचा नारिंगी झाला आणि लुकलुकायला लागला. काकांचा उजवा हात उठला. त्यांनी तो डाव्या हाताने धरला. स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि डब्याकडे बघत राहिले. लूक, लूक, लूक. कपाळावर घाम. वीज कंपनीत वादळात तारा जोडल्या, पण इतका त्रास कधी झाला नव्हता. तेवढ्यात सगळेच दिवे विझले. डबा मेला! काका ताडकन उभे राहिले.

"मुली, मेला गं! मी हातही लावला नाही, शपथ!"

"होतं तसं काका. तो स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो. बसा तुम्ही."

काका बसले. दारावरची बेल वाजली. मास्तर होते, शुभेच्छा द्यायला आले होते. काकांनी त्यांना बाहेरच्या बाहेर पिटाळलं आणि वर दम दिला, "जिन्याखालच्या बोर्डापाशी उभे राहा! कुणीही आलं तरी हात लावू देऊ नका!" बिचारे मास्तर खरोखरच जाऊन उभे राहिले.

एक दिवा लागला. मग दुसरा. मग नारिंगी, पुन्हा लूक लूक, आणि मग एकदम, हिरवा! ठाम, न लुकलुकणारा हिरवा! "आला! आला!" काका ओरडले आणि त्या अनोळखी मुलीला त्यांनी फोनवरूनच इतके आशीर्वाद दिले की तीही हसायला लागली. चार वाजायला अगदी थोडा वेळ उरला होता.

काकू टॅब्लेट घेऊन टेबलापाशी बसल्या. समोरच्याने पडद्यावर नाव घेतलं होतं 'निवृत्त वजीर'. अंतिम फेरी एकाच डावाची होती. डाव सुरू झाला. काकांना पटावरचं काही कळत नव्हतं, ते काकूंचा चेहरा वाचत होते. आधी चेहरा शांत होता. मग भुवया जवळ आल्या. मग काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या, आणि काकांनी ओळखलं की काहीतरी बिघडलंय.

"काय झालं?" ते कुजबुजले.

"उंट गेला. डाव जातोय हातातून."

डब्याचा दिवा हिरवाच होता. नेट खणखणीत चालू होतं, आणि तरी ही हरत होती! काकांना रडू येईलसं झालं. आणि तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. समोरच्याचं कनेक्शन तुटलं होतं. खेळी त्याची होती आणि घड्याळ त्याचं पळत होतं.

काकूंनी श्वास रोखला. "वेळ संपली त्याची," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी जिंकले."

स्पर्धा जिंकल्यात जमा! काकांनी टुणकन उडी मारायला हवी होती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलीतरी अनोळखी खोली आली आणि तिच्यात एक माणूस, बंद पडलेल्या पडद्यासमोर, तोंड कोरडं पडलेला. गुरुवारी काकू अशाच बसल्या होत्या.

"अगं, त्याला वेळ वाढवून देता येतो का?"

"येतो. बटण असतं." काकूंनी नजर वर केली. "का?"

"दे त्याला. त्याची काही चूक नसणार. त्याच्या घरात कुणीतरी बटण बंद केलं असेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

काकांनी डब्याकडे बोट दाखवलं. "कारण गुरुवारी आपल्या घरातलं मी केलं होतं. डबा जळत नव्हता. नीट होत होता. दर वेळी तो नीट व्हायला लागला की मीच त्याचा गळा दाबत होतो. तुझा डाव मी घालवला."

काकू बघतच राहिल्या. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि वेळ वाढवून दिला. एकदा. पुन्हा एकदा.

"डाव संपू दे," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मग तुमच्याकडे बघते."

निवृत्त वजीर परतला. आल्याबरोबर त्याने लिहिलं, "फार आभारी आहे. बायकोने इस्त्रीसाठी प्लग काढला होता." काकूंच्या नाकातून हसू फुटलं. पाठ ताठ झाली. आणि मग काय खेळल्या म्हणता! काकांना फक्त खेळीच्या आवाजाची टक टक ऐकू येत होती, पण तिच्यातला जोर त्यांना कळत होता. काकूंनी एक घोडा असा पुढे टाकला की समोरचा कितीतरी वेळ हललाच नाही. त्याने घोडा घेतला. काकूंचे ओठ हलले. शह. पुन्हा शह. आणि टॅब्लेटवर चकचकीत अक्षरं उमटली.

"म्हणजे?" काका ओरडले. "म्हणजे काय झालं?"

"मात," काकू म्हणाल्या. "मी मात केली!" आणि ही कमी बोलणारी बाई टेबलावर दोन्ही हात आपटून लहान मुलीसारखी खदाखदा हसायला लागली. काकांनी खिडकी उघडून बोंब ठोकली. जिन्याखालून मास्तर पळत आले, वरून खालून माणसं धावली, लेकीचा फोन वाजायला लागला, कुणीतरी टाळ्या पिटत होतं. काका सगळ्यांशी हात मिळवत सुटले, दोनदा मास्तरांशीच.

बऱ्याच वेळाने घर रिकामं झालं. काकूंनी दार लावलं, तांब्याभर पाणी प्यायल्या, खुर्ची ओढली आणि काकांच्या अगदी समोर बसल्या. डोळ्यांत अजून हसू होतं, पण ते काकांना वाचवेल असं वाटत नव्हतं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांगा. अगदी पहिल्या बटणापासून."