बनियन सिस्टर

कान दुखतो म्हणून आणलेल्या मुलालाही ती आधी बनियन काढायला लावायची. बोटात काटा गेलेला असला तरी तेच. "आधी उघडा करा, मंग सांगा काय झालं," हे वाक्य ती नमस्काराच्या जागी वापरायची. आमच्या बहारीनच्या नईम भागातल्या दवाखान्यात एसी असा चालायचा की मोठ्यांनाही स्वेटर लागावा. त्या गारठ्यात पोरं वजनकाट्यावर कुडकुडत उभी राहायची आणि ही त्यांच्याभोवती सावकाश एक चक्कर मारायची, बाजारात भोपळा निवडावा तशी. तिथल्या मराठी लोकांत तिचं नाव बनियन सिस्टर पडलं. ते मीच ठेवलं होतं, आणि त्या वेळी मला ते फार विनोदी वाटलं होतं.

मी त्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. कार्ड काढायचं, नाव लिहायचं, आत पाठवायचं. सिस्टर अकोल्याची. लहान मुलांच्या तपासणीचा वेगळा कोर्स केलेली, त्यामुळे प्रत्येक मूल डॉक्टरांच्या आधी तिच्या हाताखालून जायचं. साधी सर्दी, लस, वाढ हे सगळं तीच निपटायची. आपल्या लोकांना हा अपमान वाटे. "आम्ही डॉक्टरांकडे आलोय, नर्सकडे नाही," असं म्हणणारा एक तरी बाप रोज यायचा. ती त्याला म्हणायची, "डॉक्टर घसा पायते, मी पोट्टं पायतो. बसा." बाप बसायचा. चौदा एप्रिलची रजा ती जानेवारीतच माझ्या वहीत लिहून ठेवायची आणि वर विचारायची, "लिवली का? दाखव." माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. माझ्यावरच असं नाही, बारा वर्षांवरच्या कुणावरच नव्हता.

मुलांची ती लाडकी होती असं मला लिहिता आलं असतं, पण नव्हती. इतर दवाखान्यांतल्या नर्सेस गोळ्या-चॉकलेटं वाटत. हिच्या खिशात टेप आणि पेन. हात बर्फासारखे. ती अस्सल वऱ्हाडीत विचारायची, "काऊन रे, हे काय लागलं?" आणि इंग्रजी शाळेतलं पोर म्हणायचं, "नथिंग, आंटी." त्यावर ती मान हलवून म्हणायची, "नथिंग फार लागते इथल्या पोरायले."

तिची एक वही होती. दवाखान्याची कार्डं वेगळी, ही वही वेगळी. तीत ती मुलाच्या अंगावर जे दिसलं ते आणि त्याबद्दल मोठ्यांनी जे सांगितलं ते, जसंच्या तसं उतरवायची. स्वतःचं मत एका शब्दाचं नाही. "कपाळ, टेंगूळ. दरवाजा लागला – आजी." "मांडी, डाग. इस्त्रीवर बसला – वडील. आई गप्प." मी एकदा तिला म्हटलं, "अहो, पोरं पडतात, धडपडतात. तुम्ही काय पोलीस आहात?" ती म्हणाली, "पोट्टं पडते तं गुडघ्यावर पडते, कोपरावर पडते. पाठीवर कोण पडते? आन तेही तीनदा, एकाच जागी?"

पुढे माझ्या मुलाला ताप आला. आपल्याच दवाखान्यात न्यायचं म्हणून मी निर्धास्त होते. बनियन निघाला. डाव्या दंडावर चार बोटं उमटलेली होती. आदल्या दिवशी पाढ्यांवरून मी त्याला धरून गदागदा हलवलं होतं, नंतर विसरूनही गेले होते. "काय लागलं?" सिस्टरने विचारलं. "खेळताना असेल," मी म्हटलं. तिने लिहिलं, आणि वही मुद्दाम माझ्या बाजूला वळवली. "डावा दंड, चार बोटं. खेळताना – आई. आई खोटं बोलते, पण लाजते." तिने स्वतःचं मत लिहिलेली माझ्या पाहण्यातली ती एकच नोंद. नंतर म्हणाली, "गुरुवारी वजनाले आण."

वजन ही तिची खरी युक्ती होती. तिकडे तेव्हा आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारी, दवाखाना गुरुवारी दुपारपर्यंत उघडा, म्हणून त्यातला गुरुवार ती लोकांचा खायची. वजनाला कोण नाही म्हणणार? त्यात आरोप नाही, चौकशी नाही, काटा आणि आकडा. पण घरातल्या मोठ्या माणसाला पक्कं माहीत असायचं की येत्या गुरुवारी पुन्हा बनियन निघणार. सहा गुरुवार मी माझ्या मुलाला नेलं. सहाही वेळा तो एकोणीस किलो भरला. सातव्या आठवड्यात ती म्हणाली, "आता पुरे. तुझं वजन उतरलं." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा मी विचारलं, की एवढं दिसतं तर तक्रार का नाही करत? ती म्हणाली, "डॉक्टरले सांगतो, तो कानावर हात ठेवते. बाहेर सांगतलं तं बापाचा व्हिसा जाते, आन सारं घर आठवड्यात विमानात. तिकडं पोट्टीचा फ्रॉक कोण वर करून पाहीन? इथं निदान मी हावो." मला हे उत्तर तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण तिच्याकडे एक उत्तर होतं. आमच्यातल्या बाकीच्यांकडे तेवढंही नव्हतं.

आता अध्यक्षांकडे येते. हे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. पांढरा सदरा, इस्त्री अशी कडक की बाहीच्या घडीने काकडी चिरावी. हूरा भागातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की ते 'परदेशात मुलांवर संस्कार' या विषयावर चाळीस मिनिटं बोलायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो, कारण जेवण त्यांच्यानंतर असायचं. त्यांची मुलगी मीनल, सात वर्षांची, ताप म्हणून आली. फ्रॉक निघाला. पाठीवर वळ होते, पण सरळ नव्हते. जाऊन, वळून परत आलेले, दुमडलेल्या वायरीचे असतात तसे. पाच.

"बाथरूममध्ये घसरली," अध्यक्ष म्हणाले. आई शेजारी उभी होती. सिस्टरने लिहिलं, मला बाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने वाचत: "बाथरूम – वडील. आई गप्प. गुरुवारी वजनाले आणा."

"वजन कशाला? ताप आहे तिला."

"तापात वजन उतरते, साहेब. तुमाले तं सारं माहीत असते."

तीन गुरुवार ते आले. वळ पुसट होत गेले. चौथ्या गुरुवारी आले नाहीत. सिस्टर दुपारी दवाखाना बंद होईपर्यंत दाराकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "उद्या माझ्यासंग चाल. पत्ता तुझ्या कार्डावर हाये."

"मी कशाला?"

"तुले मंडळात घेतात. मले दार उघडणार नाहीत."

शुक्रवारी सकाळी आम्ही हमद टाउनच्या बसमध्ये बसलो. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वजनकाटा. एका चौकात उतरून पुढे चुकीच्या चौकात शिरलो, तिथले सगळे गोल चौक एकसारखेच. अर्धा तास उन्हात तो काटा आळीपाळीने वाहिला. दार अध्यक्षांनीच उघडलं, माझ्याकडे बघून हसत. आत मंडळाची मीटिंग भरलेली. कार्यकारिणीचे सहा जण, पुढ्यात चकल्या. सिस्टर माझ्या मागून आत शिरली आणि तिने गालिच्याच्या मधोमध काटा ठेवला.

"पोट्टीचं वजन राहिलं होतं," ती म्हणाली.

कुणी काही बोलायच्या आत ती मीनल आणि तिच्या आईला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर चिटणीस माझ्याकडे बघून कुजबुजले, "अहो, यांच्या वस्तीत हेच बघितलेलं असतं ना, म्हणून सगळीकडे तेच दिसतं." दोघे हसले. मी एक चकली घेतली. तेवढंच केलं मी.

सिस्टर बाहेर आली. मुलगी फ्रॉक घालून काट्यावर उभी राहिली. "वीस," सिस्टर म्हणाली, आणि वही उघडून, पेनाचं टोक कागदावर धरून, सगळ्यांसमोर विचारलं, "नवीन हायेत. दोन. काय लिवू? कशानं लागलं?"

"बाथरूम," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या सदऱ्याची एकही घडी मोडली नव्हती.

सिस्टरचं पेन हललं नाही. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोकडे बघत होती. त्या बाईंना मी चार वर्षं ओळखत होते आणि त्यांचा आवाज कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"वायरनं," त्या म्हणाल्या. "इस्त्रीच्या वायरनं."

सिस्टरने लिहिलं. शेवटी 'आई' असं लिहून खाली रेघ मारली. "गुरुवारी," म्हणाली, काटा उचलला आणि निघाली. कार्यकारिणी चकल्यांकडे बघत राहिली. जणू पहिल्यांदाच पाहत होती.

परिणाम वेळेवर झाला. अध्यक्ष डॉक्टरांना भेटले. डॉक्टर हैदराबादचे, मनाने चांगले, कण्याने नाही. "सिस्टर, तुम अच्छे हैं, मगर मेरेकू दवाखाना चलाना है. ये बात खलास करो," ते म्हणाले. तिने खलास केलं नाही, तेव्हा त्यांनी तिचा व्हिसा रिन्यू केला नाही. मधले दोन महिने ती गुरुवार घेत राहिली. मीनल येत राहिली, कारण आता चकल्या खाणाऱ्या सहा जणांना माहीत होतं.

जायच्या दिवशी तिने वही माझ्या काउंटरवर ठेवली. गुरुवारची अकरा नावं होती.

"मी नर्स नाही," मी म्हटलं.

"वजन करता येते ना? मंग. डोळे हायेत ना? मंग."

"डॉक्टर काय म्हणतील?"

"ते कानावर हात ठेवतीन. त्यायचे दोन्ही हात तिथंच असतात, तुले अडवाले हात कुठून आणतीन?" ती उठली. निरोपाचं काही बोलली नाही. दारातून मागे वळून एवढंच म्हणाली, "हात गार ठेवू नको. पोट्टे दचकतात. मले जमलं नाही ते."

पुढच्या गुरुवारी मी काटा टेबलाखाली ढकलला आणि त्यावर सलाइनचे खोके रचले. सरळ सांगते, मला कटकट नको होती. कुणी येणार नाही अशीच माझी अटकळ होती. साडेनऊला मीनलची आई आली. एकटी, बसने, मुलीला घेऊन.

"गुरुवार आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी खोके काढले. आत नेलं, दार लावलं. हात एकमेकांवर चोळून गरम केले. मी काही म्हणायच्या आतच मीनलने फ्रॉकची बटणं सोडायला घेतली. पाठ साफ होती. वजन एकवीस. काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून जसं ऐकलं तसं लिहिलं.

"आमच्या घरी आता इस्त्री नाही. शेजारणीला देऊन टाकली. हे म्हणाले, सदऱ्यांचं काय? मी म्हटलं, गुरुवारी वजनाला गेल्यावर सिस्टरला विचारते – आई."

"सिस्टर तर गेल्या," मी म्हटलं.

"व्हिसा थांबला एवढंच त्यांना माहीत आहे, गेल्या ते कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्यांना ते नंतर कळलंच, पण तोवर इस्त्री गेलेली होती आणि गुरुवार अंगवळणी पडले होते. पुढच्या कार्यक्रमात अध्यक्ष त्याच हॉलमध्ये संस्कारांवर चाळीस मिनिटं बोलले. मीनल आईशेजारी बसून वेफर्स खात होती. मी पहिल्या रांगेत बसून, पूर्ण चाळीस मिनिटं, त्यांचा चुरगळलेला सदरा बघत होते.