विलासचा डावा खांदा

साल २०१९. माझं वय सदुसष्ट. विलास माझ्यासमोर चटईवर बसलेला, डोळ्यांवर ओला गमछा. डोक्याची डावी बाजू ठणकतेय म्हणत होता. महिन्यात तिसऱ्यांदा.

मी मालिशवाला. चौथी नापास. पण वीस वर्षं तालमीत पहलवानांची अंगं सांभाळली, पुढे तीस वर्षं बाकीच्यांची. विलास राजवाड्याजवळ कापडाच्या ठोक दुकानात काउंटरवर, बारा वर्षांपासून. दिवाळीची गर्दी सुरू झाली होती आणि शेठजींनी त्याला सांगून टाकलं होतं, "एक बार और काउंटर छोड़ा, तो गोदाम में गठान उठाना." गठान म्हणजे कापडाचे गठ्ठे.

डॉक्टरनी मायग्रेन सांगितलेलं. मतलब साधी डोकेदुखी नाही. अर्धं डोकं ठोके देतं, उजेड सोसत नाही, उलटी होते. रोजची एक गोळी चालू होती.

"वस्ताद, चंपी करा ना," विलास म्हणाला.

"डोक्याला हात लावत नाही. शर्ट काढ."

मानेपासून खांद्यावर उतरणारी एक रुंद पट्टी असते. त्याची उजवीकडची नरम होती. डावीकडची दगड. आत बोराएवढी गाठ. मी अंगठा नुसता टेकवला, तसा ओरडला.

"कुठं दुखलं?"

"कानामागून वर गेलं... डोळ्यापाशी. हेच दुखतं, वस्ताद! एकदम हेच!"

हात लावला खांद्याला, कळ डोळ्यापाशी. आखडलेला स्नायू असाच असतो, आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. मोठ्या मशिनीतून डोक्याचे फोटो काढून झाले होते त्याचे. खांद्याला कोणी विचारलं नव्हतं.

चार दिवस हलक्या हातानं गाठ सोडवली. पाचव्या दिवशी परत तशीच. आणि फक्त डावीकडे. मला राग आला. माझ्या हातून सुटलेली गाठ परत बसते म्हणजे काय! सरळ दुकानावर गेलो आणि गादीच्या कोपऱ्यात बसून बघत राहिलो.

दहा मिनिटांत कळलं. दोन्ही हात कापड मोजण्यात, आणि मोबाईल डाव्या कान-खांद्याच्या मध्ये दाबलेला. गावोगावचे दुकानदार फोनवर मालाची ऑर्डर देत होते. एक फोन संपला की दुसरा.

"शेठजी, ह्याचा फोन बंद करा," मी म्हणालो.

"फिर ऑर्डर कौन लेगा, वस्ताद? आप?"

"तर कानात घालायची वायर द्या."

शेठ हसले, पण वायर आली. मान सरळ झाली, पंधरा दिवस डोकं दुखलं नाही. तालमीत, गल्लीत मी सगळ्यांना सांगत फिरलो. आणि त्याच तोऱ्यात विलासला म्हणालो, "आता गोळी कशाला? सोडून दे."

त्यानं सोडली. माझ्या शब्दावर.

दहाव्या दिवशी भर दुपारी, कापड फाडता फाडता तो काउंटरवरच डोकं धरून बसला. उलट्या झाल्या. शेठ म्हणाले, "कल से गोदाम." संध्याकाळी त्याची बायको सुनीता माझ्या दारात.

"काका, गोळी तुम्ही बंद करायला सांगितली?"

"हौ."

"डॉक्टरला विचारून?"

पायात चपला घातल्या आणि दोघांना घेऊन डॉक्टरकडे गेलो. झालं ते सगळं सांगितलं. वाटलं होतं, डॉक्टरबाई मला हाकलून देतील. त्यांनी आधी विलासचा खांदा दाबून बघितला.

"गाठ तुम्ही बरोबर पकडली," त्या म्हणाल्या. "खांदा आखडला की ह्यांचा अटॅक चेततो. पण आजार खांद्यात नाही, मेंदूत आहे. खांदा तुम्ही बघा, गोळी मी बघते. आणि परत माझी गोळी बंद करू नका."

"नाही करणार."

त्यानंतर आजवर कोणाची गोळी बंद केली नाही. खांद्याबद्दल मात्र अजून कोणाचं ऐकत नाही. जे आपल्या बोटाला लागतं तेवढंच आपलं, बाकी ज्याचं त्याला विचारावं. एवढं कळायला मला सदुसष्ट वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी दुकानापुढे उभा राहिलो. शेठजी आले.

"गलती मेरी है," म्हणालो. "विलासची नाही. गोदामात पाठवायचं तर मला पाठवा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "वस्ताद, आज तक किसी के सामने गलती मानी है आपने?"

"नाही."

"तो फिर रहने दो उसको काउंटर पे. दीवाली तक देखते हैं."

मी पायरीवर बसून विलासची वाट बघितली. तो आला. खांद्याला हात नाही लावला, आधी त्याच्या खिशातून गोळ्यांची काल आणलेली नवी पट्टी काढली आणि उजेडात धरून बघितली. पहिलं घर रिकामं होतं.