कुहीचं नसलेलं घर

नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात, साड्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत सुशील डाखोळे बसतो. हा नेमकं काय करतो, ते खालच्या दुकानदाराला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. "थ्रीडीवाले भाऊ वर बसते," एवढं तो सांगतो आणि लोक जिना चढून जातात. सुशील न बांधलेल्या इमारतींची चित्रं बनवतो. जमिनीत अजून कुदळ पडलेली नसते, आणि सुशीलच्या कम्प्युटरवर सहा मजले उभे, बाल्कनीत वेली, खाली कारंजं, वर आकाश असं निळं की नागपूरच्या माणसाने उभ्या जन्मात पाहिलं नसेल. चौकाचौकांत बिल्डरांचे जे मोठाले फलक लागतात, त्यातले कितीतरी याच्या हातचे.

बिल्डर लोकांचे नखरे काय सांगावे! एकाने पार्किंगमध्ये हरणं मागितली. दुसऱ्याने बेसा रोडच्या स्कीममागे थोडासा समुद्र मागितला.

"भाऊ, नागपुरात समुद्र?" सुशीलने विचारलं.

"लोकायले समजते गा. पण छान वाटते नं!"

दिला बापड्याने समुद्र. फलकाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'चित्र केवळ कल्पनेसाठी.' कल्पना कोणाची, ते लिहिलेलं नसतं, आणि हेच सुशीलला खुपत असे. चाळिशी उलटली होती, अर्ध्या शहराची स्वप्नं त्याने रंगवली होती, आणि एकाही चित्राखाली त्याचं नाव नव्हतं. एकदा तरी, फक्त एकदा, आपल्या चित्राखाली 'सुशील डाखोळे' असं छापलेलं बघावं, एवढीच त्याची हाव होती.

स्वतःचं घर म्हणाल तर भाड्याचं. कुहीजवळच्या एका गावात त्याचा आणि श्वेताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, एक प्लॉट मात्र होता. त्या प्लॉटवर बाभळी होत्या आणि गावच्या बकऱ्या होत्या. घर होतं ते कम्प्युटरमध्ये. रविवार आला की नवरा-बायको त्या पडद्यासमोर बसत आणि तिथं भांडत.

"खिडकी इकडून काहून? ऊन येते नं पोळ्या करताना," श्वेता म्हणे. सुशील खिडकी उचलून तिकडे लावे. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघराने घराभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली होती.

या घरात सुशीलने बिल्डर ज्याला ज्याला नाक मुरडतात ते सगळं मनसोक्त घातलं. खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर, त्याच्या खाली भिंतीवर पाण्याचा ओघळ. गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातलेल्या कुरडया. दारात चपला, त्याही एकीकडे एक, दुसरीकडे एक. आणि दारापुढच्या ओट्यावर बाजेवर बसून तांदूळ निवडणारी म्हातारी. चित्रात टाकायला जी तयार माणसं मिळतात ती सगळी गोरी, शिडशिडीत आणि हातात कॉफीचे पेले घेतलेली. ती काय तांदूळ निवडणार? म्हणून त्याने काटोलला दिवाळीत काढलेला सासूबाईंचा फोटो घेतला, वच्छलाबाईंना त्यातून अलगद कापलं आणि आणून ओट्यावर बसवलं. त्यांना विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं माणसं इकडून तिकडे बसवण्यात गेली होती, त्यात कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

मग परदेशातली एक स्पर्धा निघाली. इमारतींच्या चित्रांचीच, आणि त्यात एक विभाग होता 'न बांधलेलं घर' असा. सुशीलने वाचलं आणि तो खुर्चीतून उठलाच. त्याच्याइतकं न बांधलेलं घर दुसऱ्या कोणाकडे असणार? पाठवलं चित्र. एकदा पाठवलेल्या चित्रात बदल चालणार नव्हता, पण निवड झाली तर चित्राखाली मोठ्या अक्षरात नाव छापणार होते.

इकडे श्वेताने एक कारभार करून ठेवला. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या चुलत बहिणीने नव्या बंगल्याचे फोटो टाकून टाकून उच्छाद मांडला होता. श्वेताने एका दुपारी आपलं चित्र टाकून दिलं. खाली एक शब्द लिहिला नाही, म्हणजे खोटं बोलली असं कोणाला म्हणता येणार नाही. पाच मिनिटांत अंगठेच अंगठे, फुलंच फुलं. आणि कोणीतरी लिहिलं, वच्छलाबाई, तुम्ही जाऊनही आल्या अन् बोलल्या नाही!

वच्छलाबाईंनी ग्रुपवर आवाजातच उत्तर पाठवलं, "हो, गेली होती नं."

श्वेताने फोन कानाला लावून पुढचं ऐकलं, तर आई सगळ्यांना सांगत होती, "ओट्यावर मोठा गार वारा येते वं. अन् ते बाज, कायची मऊ आहे!"

श्वेताचा चेहरा उतरला. तिचा भाऊ रोहित आईजवळ काटोललाच असतो. तो मागच्या दिवाळीपासून म्हणतच होता की आई आजकाल विसरते, गॅसवर दूध ठेवून देवळात निघून जाते. पण विसरणं वेगळं आणि नसलेल्या ओट्यावर वारा खाणं वेगळं.

"आईचं डोकं गेलं हो," श्वेता रडायलाच लागली. "खरं सांगून टाकू का तिले?"

"निकाल लागू दे," सुशील म्हणाला. "नाव छापून आलं की ताठ मानेनं सांगू. आता सांगितलं त काटोलात तुह्या अन् माह्या दोघाईच्या इज्जतीचा फालुदा होईन."

असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. सासूबाईंची काळजी त्याला वाटत नव्हती असं नाही. पण नावाची हाव जरा जास्त वाटत होती, हेही खरंच.

आणि निकालाआधी स्पर्धावाल्यांचं पत्र आलं. तुमचं चित्र शेवटच्या पाचांत आहे, अभिनंदन. पण परीक्षकांचं मत असं की हे चित्र नाही, फोटो आहे. भिंतीवरून ओघळणारं पाणी आणि वेड्यावाकड्या चपला कोणी कल्पनेने काढत नसतं. फोटो नियमात बसत नाही. सुशीलने कम्प्युटरची मूळ फाइल पाठवली. ते म्हणाले, ही फोटोवरून मागाहून बनवली असेल, आजकाल सगळंच बनवता येतं. या जागी असं घर नाही, असा स्थानिक कार्यालयाचा कागद पाठवा, नाहीतर चित्र बाद.

झालं! सुशील डाखोळेला आता आपलं घर नाही, हे सरकारकडून लिहून आणायचं होतं.

ग्रामपंचायतीत जितेंद्र नावाचे ग्रामसेवक होते. त्यांनी अर्ज वाचला, चित्र पाहिलं, सुशीलकडे पाहिलं.

"घर मस्त बांधलं तुम्ही. मंग घरटॅक्स काहून लावून घेतला नाही?"

"साहेब, घर नाही आहे. तेच लिहून पाहिजे."

"नाही कसं? हा कूलर नाही का दिसून राहिला?"

"तुम्ही एकदा जागेवर येऊन पाहा नं."

"फोटो समोर आहे, मंग उन्हात कायले जावं?" जितेंद्र म्हणाले. "अन् हे पाहा भाऊ, जे आहे त्याचा दाखला आम्ही देतो. जे नाही त्याचा नमुनाच नाही आमच्यापाशी."

सुशीलने चार चकरा मारल्या. शेवटी जितेंद्रना त्याची दया आली की त्याचा कंटाळा आला, देव जाणे, ते म्हणाले, "चला, पंचनामा करू. पण नीट करू. चित्रात जे जे आहे ते एकेक करून नाही, असं लिहा लागन. मोघम चालत नाही."

ठरलेल्या सकाळी सुशील आणि श्वेता स्कूटरने निघाले. निघताना आईचा फोन आला. कुठं चालले, तिने विचारलं, आणि श्वेताच्या तोंडून निघून गेलं, "कुहीले, घराच्या कागदासाठी." आईने लगेच फोन ठेवला.

प्लॉटवर पंच म्हणून गावचे महादेवराव येणार होते. ते आले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. त्यांनी चित्र हातात धरलं, एकदा चित्राकडे आणि एकदा बाभळींकडे बघत सगळा प्लॉट पायाखाली घातला.

"पाडलं का तुम्ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"बांधलंच नव्हतं हो महादेवराव!"

"चोरी त नाही झाली?" महादेवरावांचं समाधान होईना. "मागं शाळेचं दार गेलं होतं आमच्या गावातून."

शेवटी जितेंद्रनी बाभळीखाली बसकण मारली आणि मोठ्याने बोलत लिहायला घेतलं. "सदर जागेवर कूलर आढळला नाही. कूलरचे स्टँड आढळले नाही. कुरडया... किती होत्या?"

"मोजल्या नाही, साहेब."

"कुरडया अंदाजे पुष्कळ, आढळल्या नाहीत. चपला आढळल्या नाहीत. ओट्यावर तांदूळ निवडत असलेली वृद्ध महिला आढळली नाही."

इतक्यात रस्त्यावर गाडी थांबली. पुढून रोहित उतरला. मागून पितळी कलश आणि संत्र्यांची पिशवी घेऊन वच्छलाबाई उतरल्या. चित्रातलंच लुगडं नेसलेल्या.

जितेंद्रनी पेन उचललं, चित्र बघितलं, बाईंकडे बघितलं. "आढळली," ते म्हणाले. "आता हे खोडा लागन."

कोणी हसलं नाही. वच्छलाबाई बाभळीतून वाट काढत मधोमध आल्या, थांबल्या आणि चारी बाजूंनी फिरून पाहिलं. एक बकरी त्यांच्या पिशवीला तोंड लावू लागली, तिला त्यांनी हाकललंही नाही.

"जवाईबापू, घर?"

कोणत्याही बिल्डरसमोर फिरणारी सुशीलची जीभ आता अडखळली. "मामीजी, घर नाही आहे," तो सासूबाईंना कसाबसा म्हणाला. "कधीच नव्हतं. मीच कम्प्युटरवर बनवलं अन् तुमचा फोटो त्यात बसवला."

"मंग मी त्या ओट्यावर बसली नव्हती?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, मामीजी."

वच्छलाबाई होत्या तिथं मातीत मटकन बसल्या. श्वेता धावली. पण आई हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"बाप्पा बाप्पा!" त्या म्हणाल्या. "सारे म्हणे, तू गेली होती. लुगडं माहं, बाज माही, तोंड माहं. अन् मले काहीच आठवत नाही. मी म्हटलं, गेलं आपलं डोकं. म्हणून हो हो म्हणत राहिली. वारा काय अन् बाज काय, जे सुचलं ते सांगत राहिली वं. रोज सकाळी उठून गल्लीतल्या साऱ्याइचे नावं म्हणून पाहो, आज कोण सांडलं का म्हणून. आज रोहितले म्हटलं, चाल, एकदा त्या ओट्यावर बसून पाहतो. बसल्यावर त आठवन!"

श्वेताने आईला मिठी मारली. रोहित दुसरीकडे बघत उभा राहिला. आणि सुशीलला वाटलं, भुई दुभंगावी आणि आपण आत जावं. एका नावासाठी आपण एका म्हातारीला आठवडेच्या आठवडे स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायला लावली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

जितेंद्र खाकरले. "आजी, तुम्ही आल्याच आहे त साक्षीदार म्हणून सही करा. तुमच्याइतकं कोणाले माहीत राहीन?"

"काय लिहिलं ते आधी वाचा." वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "माह्या नावानं नीट लिहा. वच्छलाबाई आज पहिल्यांदा आल्या. याच्या आधी कधीच आल्या नव्हत्या." जितेंद्रनी लिहिलं. ते त्यांनी पुन्हा वाचून घेतलं आणि मग एकेक अक्षर दाबून सही केली.

कागद सुशीलच्या हातात आला. ज्याच्यासाठी चकरा मारल्या तो कागद हाच, पण त्याला तो खिशात घालवेना. तो सासूबाईंसमोर उकिडवा बसला.

"मामीजी, तुम्हाले त्या चित्रात राहू देऊ का? नाही म्हणान त पूर्ण चित्रच परत घेतो. आता त्यात बदल चालत नाही. स्पर्धा गेली त गेली."

वच्छलाबाई संत्रं सोलत होत्या. त्यांनी अर्धं महादेवरावांच्या हातावर ठेवलं, सालं बकरीला टाकली.

"ओटा कुठं येते याच्यात?"

सुशीलने पायाने मातीत रेघ ओढून दाखवलं. त्या उठल्या, रेघेच्या आत जाऊन बसल्या, पाय सरळ केले.

"वारा त नाही इथं," त्या म्हणाल्या. "घर खरंच बांधणार आहे का तुम्ही?"

"बांधतो, मामीजी."

"मंग राहू द्या चित्रात. पण बांधल्यावर मले आणजा, ओट्यावर बसवजा. अन् मी खरंच बसली की मले सांगत राहजा. तवा पावेतो डोकं जागेवर राहते का नाही, कोणाले ठाऊक?"

"सांगन," सुशील म्हणाला. "रोज सांगन."