हात न लागलेलं पान

पाटलाच्या अंगणात माझ्या मायनं नाक घासलं. ओसरीवर पाटलाची म्हातारी आई उभी होती. "आनखी. नीट टेकव," म्हणाली. मायनं पुन्हा टेकवलं. मी फाटकाशी होते. एकोणीस वर्षांची, लग्न झालेली बाई. तोंडातून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला अजून खाते.

झालं होतं एवढंच. पाटलिणीची छाती पाळीच्या आधी आठ दिवस भरून यायची, ठणकायची. चोळीसुद्धा सोसवेना. डॉक्टर अकोल्याला, आणि परक्या पुरुषाला हे सांगायचं कसं? म्हणून मायला बोलावणं. एरंडाचं पान तव्यावर कोमट करायचं, तेलाचं बोट लावायचं, छातीला बांधायचं. मायनं किती बायांना बांधलं होतं. मलाही. पान आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मगच.

पण आम्ही महारवाड्यातल्या. तोडलेलं पान आमच्या हातचं चालायचं, ते धुऊन घ्यायचे. मायचा हात पाटलिणीच्या अंगाला लागला तर विटाळ. मायनं अंगणातून सांगितलं, आत म्हातारीनं शेकलं. तव्यावरचं पान थेट अंगावर ठेवलं. फोड आले.

"करनी केली हिनं," म्हातारी म्हणाली. पाटलीण दाराआड ऐकत होती. तिला खरं माहीत होतं. गप्प राहिली.

त्यानंतर माय सारखी पदरानं नाक पुसायची. जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा. काही लागलेलं नसायचं. मरेपर्यंत पुसत राहिली.

पुढच्या महिन्यात पाटलिणीचा निरोप आला. दुखणं सोसवत नाही. माय पानं तोडायला उठली. हो, उठली. मी तिला खाली बसवलं आणि पानं घेऊन स्वतः गेले. पाटलीण मागच्या दारी आली.

"तेथीच ठेव," म्हणाली.

"ठेवत नाई. सासूसमोर सांगा, चूक कोनाची होती. मंग मी माह्या हातानं बांधून देतो."

ती रडायला लागली. "मले या घरात राह्यचं हाय बाई."

"माह्या मायले बी या गावात राह्यचं हाय."

ती आत गेली. ते दुखणं काय असतं, मला ठाऊक होतं. वाईट वाटलं. तरी पानं घेऊन परत आले.

अजून बाया येतात, सगळ्या जातीच्या. मी बांधून देते. पण त्या दिवसापासून एकही पान कुणाच्या उंबऱ्यावर ठेवलं नाही, ठेवणार नाही. जिला माझा हात चालत नाही, तिनं दुखणं सोसावं.